तोकडी केबल

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या बाईला अख्खी गल्ली ताई म्हणायची, कारण शेजारच्या दुकानात लॅपटॉप विकणारा तिचा धाकटा भाऊ दिवसातून पन्नासदा तीच हाक मारायचा. ताईचा हात हलका होता, जीभ मात्र तिखट. अठरा वर्षं ती या धंद्यात होती, आणि खोटं बोललेलं तिला खपायचं नाही.

एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा नववा लॅपटॉप टेबलावर आला, तेव्हा तिची खात्री पटली. झाकण पूर्ण उघडलं की स्क्रीन काळी, अर्धं मिटलं की पुन्हा सुरू. आतली केबल बिजागरीला वळसा घालून वर जायची आणि मुळातच तोकडी होती. झाकण उघडताना दरवेळी ताणली जायची, शेवटी तुटायची. नऊच्या नऊ केबली एकाच जागी तुटलेल्या. तिने फोटो काढले आणि कंपनीच्या ग्राहकांच्या ऑनलाइन चर्चेत टाकले.

लोक तुटून पडले. "झाकण एका हाताने उघडता, मग तुटणारच." "माझा तर उत्तम चालतोय." "ही बाई शिकलीय तरी किती?" ताई एकेकाला मोजमापासकट उत्तर देत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. आठव्या दिवशी तिथेच एक ओळ आली: "दुरुस्तीवाल्यांना गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून असल्या अफवा." खाली नाव भावाच्या दुकानाचं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेचकस हातात तसाच घेऊन ती शेजारी शिरली. भाऊ एका जोडप्याला तेच मॉडेल दाखवत होता.

"अफवा काय रे?"

"ताई, गिऱ्हाईक आहे."

"असू दे की. त्यांच्यासमोरच खोलते."

तिने नमुन्याचा लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि ताणलेली केबल जोडप्याला दाखवली. जोडपं काही न घेता निघून गेलं. त्यानंतर अडीच महिने बहीणभावात अवाक्षर नाही. जेवणाचे डबे एकाच घरून यायचे, पण आई ते दोन वेगळ्या पिशव्यांत भरू लागली.

मग एका सकाळी भाऊ दारात येऊन उभा राहिला.

"ताई, नवीन माल आलाय. एक उघडून बघितला. केबल दोन बोटं लांब केलीय त्यांनी."

"कंपनी काही बोलली?"

"काही नाही."

"मग तू बोल. जिथे मला खोटारडी ठरवलंस, तिथेच लिही."

दुपारी तिने पाहिलं, तर त्याने जुनी ओळ पुसून टाकली होती, दुसरं काही लिहिलं नव्हतं. ती पुन्हा त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली. "पुसायला सांगितलं नव्हतं मी!"

भावाने एका बोटाने टाइप केलं: ताईचं बरोबर होतं, माझी चुक झाली.

"चू दीर्घ," ताई म्हणाली.

त्याने सुधारलं. मिनिटभरात खाली कुणीतरी लिहिलं: "बहिणीने चांगलंच पढवलेलं दिसतंय."

भाऊ ताडकन उठला. "हा कोण टिकोजीराव? माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"मग सांग त्याला," ताई म्हणाली. "मी अडीच महिने सांगतेय."

तिचा राग अजून उतरला नव्हता. तिच्या दुकानातल्या टेबलावर त्याच मॉडेलचे चार लॅपटॉप दुरुस्तीला पडले होते, आणि कंपनीच्या पानावर लिहिलेलं होतं: या मॉडेलमध्ये कोणताही दोष आढळलेला नाही.