मोहफुले, युरिया आणि काझी सरांची सही

पशुआहाराचे संशोधक डॉ. हबीब काझी सरांची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात आरमोरीजवळच्या एका गोठ्यात झाली. पशुवैद्यक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो आणि सरांना ऐकवण्यासाठी गुरांच्या आहारावर बरेच पाठ करून गेलो होतो. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे ठीक आहे डॉक्टर, पण ही म्हैस सध्या काय खाऊन राह्यली, ते घरच्यांना विचारलं का?" मी विचारले नव्हते.

धानाच्या तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, जगणाऱ्या जनावरांना नत्र युरियातून द्यावे की जवसाच्या ढेपेतून म्हणजे पेंडीतून, ऊर्जा कोंड्यातून द्यावी की वाळलेल्या मोहफुलांतून, याची तुलना हा सरांचा ध्यास होता. गाय आणि म्हैस यांच्या नोंदी ते वेगवेगळ्या ठेवत. चंद्रपूरहून एसटीने येऊन वैरण स्वतः तोलत. खुर्चीशी त्यांचे फारसे जमले नाही.

एक प्रसंग मी आजवर कुठे सांगितलेला नाही. तणसावर युरियाचे पाणी शिंपडून सोबत मोहफुले घालावीत, अशी लेखी सूचना आम्ही गावात वाटली होती. मोहफुलांतल्या साखरेची जोड नसेल, तर तोच युरिया जनावराच्या जिवावर उठतो. एके दिवशी आम्ही दोघे गावात असतानाच तिथल्या सुमनबाईंची एकुलती एक दुभती म्हैस थरथरत खाली बसली, तोंडाला फेस आला.

"भाऊ, मोह सरला होता, म्हनून पांढरी पूड जास्तीची टाकली," बाई सांगू लागल्या. "वाचन ना माही म्हैस?"

मी त्यांच्यावर डाफरलो. सर गार पाण्यात व्हिनेगर मिसळून म्हशीला पाजत होते. मान वर न करता म्हणाले, "बाईले बोलू नका. मोह सरला तर युरिया बंद करा, हे आपण लिहिलंच नाई."

संध्याकाळी म्हैस उठली. अहवालात सरांनी लिहिले, 'सूचना अपुरी होती. जबाबदारी माझी.' खाली सही केली. त्या ओळीमुळे त्यांना वरिष्ठांची बोलणी खावी लागली आणि त्यांची बढती लांबली. सुमनबाईंकडे मात्र ते पुढेही जात राहिले.

सर, पंचाहत्तरीनंतरची आपली वर्षे निरोगी जावोत आणि ती पुष्कळ असोत, ही आम्हा सर्वांची इच्छा. मला मात्र आणखी एक सांगायचे आहे, आणि ते आपल्यासमोरच सांगायला हवे. ती सूचना मी लिहिली होती. वरिष्ठांनी आपल्याला जाब विचारला तेव्हा मी त्याच खोलीत होतो, आणि गप्प बसलो.