सहाच्या आतला तांगोस

साडेपाचला पाच मिनिटं उरली की तो वाकून पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप लावायचा. समोर कोण बसलंय याचा त्या क्लिपशी काही संबंध नसे. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत येऊन कार्यक्षमतेवर बोलत होते. ते 'वक्तशीरपणा' या शब्दापाशी आले आणि हा वाकला. साहेबांना वाटलं, नमस्काराला वाकतोय. त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला.

तो आमचा हेडक्लार्क. वय सेहेचाळीस, लग्न नाही. वडील नोकरीत असतानाच गेले म्हणून त्यांच्या जागेवर याला घेतलं. जागा म्हणजे तीच खुर्ची. तिचा डावा हात वडिलांच्या कोपराने आधीच गुळगुळीत झालेला होता, उरलेलं काम याने पंचवीस वर्षांत पुरं करत आणलं होतं.

घरी थोरला भाऊ. तो तरुणपणी मुंबईला नोकरीला गेला आणि परत आला तेव्हा डोकं आणि बहुतेक बोलणं तिकडेच ठेवून आला. दिवसभर अंगणात खराट्यासाठी झावळ्यांचे हीर काढत बसे. शेजारच्या काकू दुपारचं वाढत. संध्याकाळी तो पायरीवर येऊन बसायचा. सायकल दिसली की विचारायचा, "आलास?" हा म्हणायचा, "आलो." दिवसभराचा संवाद संपला.

सहा वाजून गेले आणि सायकल आली नाही, तर मात्र भाऊ उठून शोधायला निघायचा. एकदा कचेरीतली बैठक लांबली. हा घरी पोचला तेव्हा पायरी रिकामी. भाऊ सापडला भाट्याच्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात, होडीवाल्यांना विचारत, "आमचा बाळ्या दिसला काय?" त्या दिवसापासून ती क्लिप.

आता अशा माणसाच्या आयुष्यात स्पेनचं संगीत कुठून शिरावं? तर राजिवड्यातून, गावातल्या खाडीकाठच्या मच्छीमार वस्तीतून. आम्ही दोघे एका बांधकामाची मोजणी करायला भर दुपारी तिथे गेलो होतो. शेजारच्या पडवीत एक म्हातारा लुंगी लावून गिटार वाजवत होता. वाजवत होता म्हणजे तारांवर बोटं फेकत होता. हा टेपचं टोक हातात धरून उभाच राहिला. दुसरं टोक माझ्या हातात.

म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणत. जन्मभर जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. एकदा इंजिन बिघडलं आणि जहाज काही महिने स्पेनच्या बंदरात अडकलं. तिथल्या न्हाव्याला चाचांनी माशाचं कालवण खिलवलं आणि न्हाव्याने चाचांना गिटार शिकवली.

"हे काय वाजवताय?" याने विचारलं.

"तांगोस."

मी वाचनालयात पुष्कळ वाचलेला माणूस. म्हटलं, "टँगो म्हणजे अर्जेंटिनातला नाच."

चाचांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तो वेगळा, सायब. तो बूट घालून नाचतात. ह्यो फ्लेमेंकोतला, जिप्सी लोकांचा. ह्याला बूट नसले तरी चालतं. टाळी हवी."

पंचवीस वर्षांत कुणाकडे काही न मागितलेला हा माणूस हळूच म्हणाला, "मला येईल?"

"नखं वाढव नि ये."

संध्याकाळ भावाची होती, त्यामुळे शिकवणी दुपारच्या सुट्टीत. कचेरीपासून राजिवडा सायकलने दहा मिनिटं. जायला दहा, यायला दहा, मध्ये पंचवीस मिनिटांचं स्पेन. डबा परत आल्यावर फायलीआड. मुंबईहून साधी गिटार मागवली, ती चाचांच्याच पडवीत राहायची. टाळीला माणूस हवा म्हणून मी कॅरियरवर.

पहिली अडचण उजव्या हाताची. बोटं एकामागून एक बाहेर फेकायची, तारांवरून. याची चारही बोटं एकदम सुटायची, शाई झटकल्यासारखी. चाचा वैतागले. "मासळी साफ केल्यावर खवलं कशी झटकतोस?"

"आमच्यात मासळी नाही."

"मग जगता कसे?" असं म्हणून चाचांनी त्याला अंगणात मासे साफ करणाऱ्या सुनेसमोर बसवलं. तीन दुपारी हेडक्लार्क तिचा हात बघत बसला. चौथ्या दुपारी बोटं सुटली.

दुसरी अडचण मोठी. तांगोस चार मात्रांचा. पण पहिल्या मात्रेवर टाळी नाही. ती मोकळी सोडायची आणि दोन, तीन, चारवर वाजवायचं. तुम्हीआम्ही लहानपणापासून आरतीत उभे राहिलेली माणसं. आपला हात पहिल्या मात्रेवर न पडता राहील काय? त्याचा पडायचाच, माझाही पडायचा. चाचा कपाळाला हात लावायचे. "अरे, तिथं काय हाय? काय नाय तिथं. सोड ती."

"सोडवत नाही," हा म्हणायचा.

शेवटी चाचांनी युक्ती सांगितली. पहिल्या मात्रेला श्वास आत घ्यायचा. श्वास घेताना हात आपोआप थांबतो. महिनाभर तो हाच अभ्यास करत होता, कचेरीतसुद्धा. आवक टपालावर शिक्के मारताना ऐकू यायचं: ठक, ठक, ठक, मग श्वास. शिपाई मला म्हणाला, "हेडक्लार्कना दम लागतो वाटतं. छातीचा फोटो काढायला सांगा."

गावात बातमी फुटली, तेव्हा संगीत मंडळाचे अध्यक्ष चौकशीला आले. बारा महिने शाल पांघरून हिंडणारे गृहस्थ. कुणी सत्कार करायचं मनात आणलं तर अडचण नको. पाच मिनिटं ऐकून त्यांनी विचारलं, "याला शास्त्राचा काही आधार?"

"शास्त्र नाय," चाचा म्हणाले. "तीन टाळ्या हायत."

अध्यक्ष गेले. त्या दुपारी मी हेडक्लार्कला पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. हसता हसता त्याने घड्याळ पाहिलं आणि उठला.

हे घड्याळ सगळ्याच्या आड यायचं. दोन वर्षांत त्याचा हात चांगला बसला. पण तांगोस रंगात आला, चाचा गायला लागले, आता शेवटाकडे वळणार, की दोनला दहा कमी. सबंध तांगोस सुरुवातीपासून शेवटापर्यंत दोघांनी मिळून एकदाही वाजवला नाही. चाचा म्हणायचे, "तुझा तांगोस कधी सरलाच नाय. एकदा घड्याळ काढून ये. तो घाईत सरत नाय, त्याला वाटेल तेव्हा सरतो."

"येतो एकदा," हा म्हणायचा. मला वाटतं, दुसरं काही त्याने आयुष्यात मागितलंच नव्हतं.

मग चाचांचे डोळे गेले आणि मुलीने त्यांना मुंब्र्याला नेलं. याची गिटार घरी आली. भावाला तो आवाज सहन होईना. कानांवर हात ठेवून अंगणात जायचा. म्हणून हा तारांखाली पंचा कोंबून वाजवायचा. मी ऐकलंय ते. पावसात भिजलेल्या दारावर कुणी टकटक करावं तसं.

दीड वर्षाने भाऊ गेला, झोपेत, काही त्रास न देता. दिवस झाल्यावर हा कामावर आला आणि साडेपाचला पाच कमी असताना वाकून क्लिप लावली. आम्ही खाली मान घालून फायली चाळल्या. सवय आहे, जाईल, असं वाटलं.

मी चाचांना पत्र लिहिलं. उत्तर नातवाच्या अक्षरात आलं. "आता त्याला पाठव. घड्याळ नको. मी ठाण्याच्या स्टँडवर येतो. दिसत नाय, पण गिटार हाताला लागली की ओळखीन."

हे पत्र त्याने चार वेळा वाचलं. चार महिने गेले, मग रजेचा अर्ज लिहिला. भावाच्या दिवसांची रजा सोडली तर सबंध नोकरीतला पहिला म्हणून साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. दिवस आणि गाडी मी चाचांना पत्राने कळवली आणि ठरल्या दिवशी सकाळच्या ठाण्याच्या गाडीवर त्याला पोचवायला गेलो. नवा शर्ट, चादरीत गुंडाळलेली गिटार मांडीवर, मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा. गाडी सुटताना त्याने खिडकीतून बोटं फेकून दाखवली, एकामागून एक. फार सुंदर फेकली.

संध्याकाळी मी कचेरीतून चालत घरी निघालो. वाटेत त्याचं घर. बंद घराकडे सहज बघावं म्हणून पाहिलं, तर तो पायरीवर बसलेला. नवा शर्ट चुरगळला होता. गिटार चादरीतच, भिंतीला टेकवलेली.

मी फाटकाशी थांबलो.  म्हटलं, "गाडी बिघडली काय रे?"

"नाही. गाडी चांगली होती."

"मग?"

"चिपळूणला उतरलो," तो म्हणाला. "त्याच्यापुढे गेलो असतो तर सहाच्या आत परत येता आलं नसतं."

मी आत जाऊन त्याच्याजवळ बसलो. ठाण्याच्या गाडीला पोचायला अजून थोडा अवकाश होता. स्टँडवर नातवाचा खांदा धरून म्हातारा येऊन उभा राहिला असेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मुंब्र्याला कुणाकडे फोन नव्हता.