डोंगर बघून जा

मुंबईच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या नवापूरला कोळीवाड्यात एका मावशींच्या खोलीवर आम्ही दर थंडीत उतरतो. मावशी बोलतात ते हातातल्या बोंबलांशी. आपण शेजारी बसून ऐकायचं. या खेपेस दोनच दिवस होते, पुढे मुंबईहून क्रूझ. निघायच्या सकाळी रिक्षा दारात आली, तर बाईंनी वाळत घालायचे बोंबील तसेच टाकले आणि आम्हाला गच्चीवर नेलं. पूर्वेचा डोंगर धुक्यात बुडाला होता. त्या जिन्याच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या.

"थांबा. दर्यावर जानारा मानूस डोंगर बघूनच जातो. येताना पयला तोच दिसते."

बायको घड्याळ बघत होती. मी हसून म्हणालो, "मावशी, आमचं जहाज केवढं मोठं आहे!"

"जहाज मोठा असंल. मानसं आपल्याएवढीच ना?"

धुकं विरून शिखर दिसलं, तेव्हाच त्या जिन्यातून बाजूला झाल्या.

परतताना जहाज मुंबईला लागत होतं. सगळे इमारतींचे फोटो काढत होते. मी उत्तरेकडे तोंड करून उभा. तिथून तो डोंगर दिसणं शक्यच नव्हतं, पण बघावंसं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"डोंगर दिसला?"

"दिसला, मावशी."

"मंग आलात," त्या म्हणाल्या, आणि परत बोंबलांशी बोलायला लागल्या.