अक्काला ‘येते’ म्हणायला कोण सांगत होतं?

भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नाही. घरी कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. तरी हे लिहितेय... कारण यातला आवाज माझाच आहे.

धारवाड म्हैसूर राज्यात गेलं त्याला थोडीच वर्षं झाली होती. हुबळीच्या रस्त्याला, गावाबाहेर, दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत पायऱ्या घडवून उघड्यावरचं नाट्यगृह केलेलं. स्टेजमागे खाणीचा उरलेला खड्डा, पाण्यानं भरलेला. आमच्या मंडळाच्या मराठी नाटकात माझी थोरली बहीण, अक्का, नायिका होती. मी प्रॉम्प्टर — विंगेत तट्ट्याआड बसून वाक्यं पुरवायची.

शेवटी नायिका घर सोडते. वाक्य एवढंच, “जाते मी.” आता आपल्यात निघताना ‘जाते’ कुणी म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. कन्नडातही ‘बर्तीनि’च, येते. पण नाटक ते नाटक! तालमीत मी पुस्तकाबरहुकूम “जाते” पुरवलं, की पाठोपाठ हलकेच यायचं — “येते म्हण.” नाटक बसवणारे मास्तर माझ्यावरच डाफरायचे, अक्काही. आवाज हुबेहूब माझा होता ना. मी शपथा घेतल्या, पण ऐकतंय कोण.

प्रयोगाच्या संध्याकाळी अक्कानं मला दम भरला, “आज मध्ये बोललीस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही.” मलाही हट्ट चढला. शेवटच्या प्रवेशाला मी पदराचा बोळा करून दातांत घट्ट धरून बसले.

आणि माझ्या अगदी कानाशी, माझ्याच आवाजात, काकुळतीला येऊन — “अक्का, येते म्हण गं.”

बोळा तोंडातच होता. अक्कानं तट्ट्याकडे रागानं बघितलं आणि मुद्दाम ठणकावून म्हणाली, “जाते मी.” टाळ्या पडल्या. ती मागच्या बाजूनं निघून गेली.

शेवटी नमस्काराला सगळे आले, अक्का आली नाही. कंदील घेऊन शोधाशोध झाली आणि खड्ड्याच्या पाण्यातून तिला बाहेर काढलं... अंधारात पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. असेलही.

तो आवाज कुणाचा होता, तिला वाचवायला आला होता की आणखी कशाला, मला आजवर कळलेलं नाही. जीव जळतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. मी त्या वेळी एक शब्दही बोलले नव्हते, हे अक्काला सांगायचं राहून गेलं.