चुंबकाच्या खोलीबाहेरचं घड्याळ

"काका, अब्बा गेले," रफीकभाईंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी चिकलठाण्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रिकाम्या बाकांकडे बघत बसलो होतो. रडूही आलं नाही, नुसता थकवा आला. माझा भागीदार गेला होता आणि तो ज्याची वाट पाहत होता, ते देशी चुंबक अजून आलं नव्हतं.

क्षेपणास्त्राचे पंख वळवणाऱ्या छोट्या मोटर्स आम्ही बनवायचो. त्यांचा जीव म्हणजे दुर्मीळ धातूंचं चुंबक, आणि ते यायचं परदेशातून. पहिली पेटी उघडून रफीकभाईंनी कौतुकाने चुंबक हाताळलं, आणि त्यांच्या मनगटावरचं, वडिलांचं चावीचं घड्याळ जागीच बंद पडलं. दुरुस्तीनंतर त्यांनी चुंबकं ठेवायच्या खोलीबाहेर खिळे ठोकले. साहेब असो की शिपाई, घड्याळ टांगूनच आत जायचं. संध्याकाळी कुलूप मी लावायचो. खिळ्यावर घड्याळ दिसलं की आत कोणीतरी आहे समजून हाक मारायची.

मग माल थांबला. चुंबक शस्त्रात वापरणार नाही असं लिहून द्या, पेटी सोडतो, असा तिकडून निरोप आला. देऊन टाकू, मी म्हटलं. उस्मानपुऱ्यातल्या हॉटेलात रफीकभाईंनी चहा बशीत ओतला.

"नाय दिनकरराव. खोटं लिहून माल आणला, अन् उद्या त्यांनी पुन्हा दार लावलं तर? आपल्या किनाऱ्याच्या वाळूत हे धातू हायेत. चुंबक इथंच बनाया पाहिजे."

"आपल्या हयातीत?"

"तुमच्या. तुम्ही जवान हाय." आम्ही एकाच वयाचे होतो.

पुढची वर्षं धातूंच्या प्रयोगशाळांत खेटे घालण्यात गेली... हैदराबाद, चेन्नई, पुन्हा हैदराबाद. नमुने यायचे, तापले की दम सोडायचे. कामगार पांगले. मी चिडायचो, ते पुढचं तिकीट काढायचे. शेवटी चुंबकाच्या खोलीतच रफीकभाईंच्या छातीत कळ आली, आणि तिथूनच त्यांना दवाखान्यात नेलं.

गेल्या आठवड्यात देशी चुंबकाची पेटी आली. मोटर तापली, तरी चुंबक टिकलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रफीकभाईंचं घड्याळ अजून खिळ्यावरच होतं. त्यांची मुलगी म्हणाली होती, राहू द्या तिथंच. संध्याकाळी चाचणीला आलेले सगळे गेले. मी कुलूप घेऊन आलो, खिळ्यावर एक घड्याळ दिसलं, आणि सवयीने आत हाक मारली, "रफीकभाई, चला आता."