सात नावांनंतरची ओ

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी साडेदहा. पनवेलच्या पुढे, डोंगराच्या कडेची आदिवासी वाडी. हजर: मी, स्मारक समितीचे अध्यक्ष असलेले माझे चुलतकाका, वाडीतली एक म्हातारी आणि तिचा वीटभट्टीवर काम करणारा मुलगा.

कारण आधी सांगते. इंग्रजांच्या काळात, जंगल सत्याग्रहाच्या वेळी, आमच्या गावच्या रानात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. कागदोपत्री मेले सात. त्यांतले एक माझे पणजोबा. दरवर्षी त्या दिवशी स्मारकापाशी एकेक नाव पुकारायचं आणि त्या घरातल्या कुणीतरी ओ द्यायची, अशी पद्धत आहे. यादी माझ्याकडे असते. यंदा सातव्या नावाला ओ मिळाली, मी वही मिटली, आणि मागून ही म्हातारी म्हणाली, "हाय."

लोक हसले. ती मात्र चुकल्यासारखी दिसत नव्हती.

स्मारकाचा जुना दगड नव्या रस्त्याच्या कामात जाणार आहे. नव्यावर नावं कोरायची आहेत, म्हणून आम्ही तिच्या दारात बसलो होतो.

"माझा आजा," ती म्हणाली. "मोळी घेऊन चालला व्हता, मधी सापडला. सांजचा वर आनला. खाली शिपाई मेलेल्यांची घरं लिवून घेत व्हते. ज्याचं नाव लिवलं, त्याचा पोर धरून नेला. आमी सांगलंच नाय. रानात पुरला."

"आम्हाला तरी सांगायचं," काका म्हणाले.

"तुमच्याच ओटीवर शिपाई बसले व्हते."

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

मी वही उघडली. माझ्या सवयीने आधी घर क्रमांक, मग नाव. दाराच्या चौकटीवर लाल रंगात सतरा लिहिलं होतं, ते उतरवलं. मुलगा उठून उभा राहिला.

"म्याडम, आकडा कशाला?"

"नोंदीला."

"रस्त्याची मोजनीवाली पन नोंदीलाच आली व्हती. वही अशीच व्हती. ह्यो आकडा त्यांचाच."

मी पान फाडून त्याच्या हातात दिलं. त्याने ते चुलीत घातलं. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच होतं, कुणी उतरलं नाही. अंगणातल्या बायका एकेक करून आत गेल्या आणि दारं लोटली गेली.

"आये, सांगू नको," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "नाव दगडावर गेलं की इचारत येतील, वारस कोन, ऱ्हातो कुठं. घर आपल्या नावावर हाय का?"

"मी किती दिस ऱ्हानार? मंग ओ कोन देल? तू?"

तो गाडीकडे बघत राहिला.

म्हातारीने मला जवळ ओढलं आणि कानात नाव सांगितलं. "पुकार," ती म्हणाली. "लिवायचं, पोरगा हो म्हनल तवा."

त्यानंतर मी दोनदा भट्टीवर जाऊन आले. मुलगा चहा पाजतो, घरची विचारपूस करतो, हो म्हणत नाही. वाडीतल्या आणखी चार घरांवर लाल आकडे आलेत. कोरणाऱ्याला यादी शुक्रवारी द्यायची होती, मी सोमवारचा वायदा केला. सात नावं टाइप करून तयार आहेत. आठवं मला पाठ आहे, पण ते अजून लिहायचं राहिलंय.