कोपरावरची पट्टी

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, असं म्हणतात. ताईच्या हातावरची नागीण गेली, ती दुखणं मागे ठेवून. फोड सुकले, खपल्या पडल्या, तरी उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला बाही घासली की जीव कळवळायचा. आणि ताईचा धंदाच बाह्यांचा. लोकांचे सैल कपडे घट्ट करून द्यायचे, घट्ट झालेले उसवून द्यायचे. माणसं जेवत होती, म्हणून ताईचं पोट भरत होतं.

घरात ती आणि आई. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला तेव्हापासून आईची वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी. उठवा, भरवा, पुसा, निजवा. ताईच्या नाकी नऊ आले होते. परगावचा धाकटा भाऊ रविवारी फोन करायचा.

"ताई, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे रे."

झालं, दोघंही सुटले. काही माणसांना प्रश्नच असा विचारता येतो, की उत्तराला जागा राहू नये.

डॉक्टरांनी बधिर करणारी पट्टी लिहून दिली. औषधवाला भला माणूस, फक्त तोंडाला कुलूप नाही.

"ताई, हिनं दुखणं बरं होत नाही हं. नस मेंदूला कळवते ना, इथं दुखतंय म्हणून? तो निरोप ही अडवते. बारा तास लावा, मग बारा तास काढून ठेवा. कातडी फुटली, भाजली असेल तिथं लावायची नाही. वरून शेक तर अजिबात नको, औषध नको तेवढं अंगात जातं. चक्कर आली, कानात आवाज यायला लागला, छातीत धडधडलं, तर आधी काढा आणि डॉक्टरांना गाठा. काढलेली पट्टी दुमडून टाका, तिच्यात औषध उरतं. पोरं तोंडात घालतात."

ताईनं मान हलवली. तिचा जीव घरी एकट्या असलेल्या आईत अडकला होता. 'लावा' तेवढं तिच्या डोक्यात राहिलं.

पहिल्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी झोप लागली. मग शाळेच्या गणवेशांची घाई आली आणि दिवसा काढायची पट्टी तिनं काढलीच नाही. रात्री वरून गरम पाण्याची पिशवी बांधली. एकानं बरं वाटतं तर दोन्हींनी दुप्पट वाटेल, हा बाईचा हिशेब. सकाळी कान गुणगुणत होते, पाय जमिनीवर नीट पडत नव्हते. झोप झाली नसेल, असं तिनं स्वतःलाच सांगितलं.

आईला तिनं न्हाणीत खुर्चीवर बसवलं. पट्टी सोलून काढली आणि रोजच्यासारखी कोपराची आतली बाजू बादलीतल्या पाण्याला टेकवली. आईच्या लुळ्या अंगाला गरम-गार कळत नसे, म्हणून पाण्याची परीक्षा ताईच्या कोपरानं व्हायची. पाणी कोमट लागलं. तिनं आणखी कढत ओतलं. तरी कोमटच. तिनं पाण्याचा मग भरून घेतला.

तेवढ्यात आईनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि खेचलं.

"आई, सोड ना! आधीच उशीर झालाय."

आई सोडेना. घशातून आवाज काढत ती ताईच्या कोपराकडे बघत राहिली. ताईनं वैतागून पाहिलं. कोपर लालबुंद झालं होतं, आणि तिला काहीच कळलं नव्हतं. हातातला मग आईच्या उजव्या मांडीवर जाणार होता. कातडी सोलून निघाली असती आणि दोघींपैकी एकीलाही पत्ता लागला नसता.

हातातला मग तिनं खाली ठेवला, कोपर गार नळाखाली धरलं आणि तिथंच ओल्या फरशीवर बसून ती रडली. आईनं मनगट धरूनच ठेवलं होतं.

डॉक्टर रागावले. भाजलेलं भरेपर्यंत पट्टी बंद, दुखणं सोसायचं. दुसऱ्या दिवसापासून बादली आधी आईपुढे जाऊ लागली. "बघ गं, चालेल?" आई डाव्या हाताची बोटं बुडवायची आणि बऱ्याचदा मान आडवी हलवायची. दोन वर्षांत पहिल्यांदाच घरातलं एक काम तिच्याकडे आलं होतं, आणि या कामात ती भारी कडक निघाली.

रविवारी फोन वाजला. "ताई, सगळं ठीक ना?"

"ठीक..." ताई म्हणाली. शेजारी बसलेल्या आईनं तिच्या कोपराखाली हात धरला आणि डोळे वर करून बघितलं.

"नाही रे," ताई म्हणाली. "दुखतंय. खूप दुखतंय. तू ये."